हालचाल कुठे थांबते आणि कशामुळे थांबते: बॉडीवर्क (हातांनी शरीरावर करायचे उपचार) शिकणाऱ्यांसाठी तपासणीचा पाया

क्लायंट सांगतो, "खांदा आखडलाय." नवा थेरपिस्ट त्याला हात वर करायला लावतो, हात पूर्ण वर जात नाही एवढं बघतो आणि टेबलाकडे वळतो. मग तासभर खांद्याभोवतीचे हाताला लागतील ते स्नायू मळले जातात. क्लायंट हलका होऊन जातो आणि दोन दिवसांत खांदा पुन्हा होता तिथेच.

अशा वेळी बहुतेक जण नवं तंत्र शोधायला लागतात. माझ्या मते दोष बहुधा तंत्रात नसतो, त्याआधीच्या पाच मिनिटांत असतो. हात वर जाताना सांधा अडला, स्नायूची ओढ लागली, दुखलं म्हणून क्लायंटने स्वतःच आवरतं घेतलं, की उचलायची ताकदच कमी पडली? चारही वेळा हात साधारण त्याच उंचीवर थांबलेला दिसू शकतो आणि चारही वेळा करायचं काम वेगळं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच प्रश्नासाठी आहेत. त्यांत नवं काही नाही. ही उजळणी आहे, आणि अनुभवी हातांनीही ती अधूनमधून करावी अशी आहे.

पायरी १: हात लावण्याआधी विचारा

"कुठे दुखतं?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे "यामुळे काय करता येत नाही?" शर्ट मागून खोचता येत नाही, वरच्या फळीवरची वस्तू काढता येत नाही, मोजे घालताना वाकता येत नाही, गाडी मागे घेताना मान वळत नाही. उत्तरातच पहिली चाचणी मिळते. मागे हात नेता येत नसेल तर खांद्याची आतली वळण आणि मागे जाणं तपासायचं. तिथे हात वर करून बघण्यात वेळ घालवायचा नाही.

त्रास कधीपासून, कशाने सुरू झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त, हेही विचारा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा असेल, सोबत सांधे सुजत असतील, तर सांध्याला दाह असण्याची शक्यता धरून डॉक्टरांकडे पाठवलेलं बरं.

काही उत्तरं ऐकली की तपासणी तिथेच थांबवायची. जांघेत किंवा बसण्याच्या भागात बधिरपणा आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणं ही तातडीची गोष्ट आहे, त्याच दिवशी रुग्णालय. कारण नसताना वजन उतरणं, ताप, विश्रांतीतही न थांबणारं रात्रीचं दुखणं, नुकताच झालेला अपघात किंवा पडणं, एकाच पोटरीला आलेली सूज आणि गरमपणा, वाढत चाललेला अशक्तपणा, यांतलं काहीही असलं तर आधी डॉक्टर. मानेच्या तक्रारीसोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना किंवा गिळताना अडखळणं, अचानक पडणं असेल तर मान शेवटपर्यंत वळवून बघण्याचा मोह टाळा. संधिवाताचा (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) जुना आजार असलेल्यांच्या मानेचा वरचा भाग अस्थिर असू शकतो. ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, हे सगळं आधीच कळलेलं हवं. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर सुरुवातीच्या काळात खुबा ९० अंशांपलीकडे वाकवणं, पाय मध्यरेषेपलीकडे नेणं आणि आत वळवणं यांवर सर्जनने बंदी घातलेली असू शकते. ते त्यांना विचारून घ्या, अंदाज नको.

आपण निदान करत नाही. आपण हालचाल बघतो, तिच्यावर काम करायचं की पुढे पाठवायचं हे ठरवतो.

पायरी २: आधी त्यालाच हलू द्या

क्लायंट स्वतःच्या ताकदीने करतो ती ॲक्टिव्ह हालचाल. ती नेहमी पहिली, कारण तुमचा हात लागण्याआधी शरीर स्वतः काय निवडतं ते फक्त तेव्हाच दिसतं. आधी बरी बाजू, मग त्रासाची. ज्या हालचालीत दुखतं ती सगळ्यात शेवटी, नाहीतर एकदा दुखावलेला माणूस पुढच्या प्रत्येक हालचालीला अंग चोरतो.

काय करायचं ते तोंडी समजावण्यापेक्षा एकदा करून दाखवा. मग तेच दोन-तीन वेळा करायला सांगा. पहिली खेप बिचकत होते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खरी सवय दिसते. समोरून बघा, बाजूने बघा, मागून बघा. शक्य तिथे आणि क्लायंटची हरकत नसेल तर तो भाग उघडा असू द्या. जाड कपड्यावरून खवाट्याचं हाड कसं सरकतंय ते दिसत नाही.

नजर हाताच्या टोकावर खिळू देऊ नका. हात डोक्यावर १८० अंश नेताना साधारण १२० अंश खांद्याच्या मुख्य सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाटा बरगड्यांवर फिरल्यामुळे मिळतात. दोनास एक हे ढोबळ प्रमाण आहे, प्रत्येकात थोडं कमी-जास्त असतं. खांद्याचा सांधा अडला की शरीर उरलेलं अंतर दुसरीकडून भरून काढतं: खवाटा लवकर आणि जास्त उचलला जातो, खांदा कानाकडे सरकतो, बरगड्या पुढे येतात, कंबर मागे वाकते, धड दुसऱ्या बाजूला कलतं. हात पूर्ण वर गेलेला दिसतो आणि खांदा मात्र तेवढा हललेला नसतो. भिंतीला पाठ टेकवून, कंबरेमागची पोकळी वाढू न देता तीच हालचाल करायला सांगितली की फरक उघड होतो.

हालचाल थांबली की विचारा, "आत्ता काय जाणवतंय आणि नेमकं कुठे?" "दुखतंय का?" असं विचारलं की माणूस हो किंवा नाही म्हणतो आणि माहिती तिथेच संपते. ओढ, चिमटा, टोचणं, मुंग्या, जडपणा, की काहीच नाही पण पुढे जात नाही? त्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगा. ज्या बाजूला ताण पडायला हवा तिथे ओढ जाणवली तर एक अर्थ. उलट, मिटणाऱ्या बाजूला चिमटा बसला तर दुसरा. खुबा वाकवताना नितंबात ओढ लागणं आणि जांघेत चिमटा बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांघेतल्या चिमट्यावर नितंब ताणत बसण्यात फार अर्थ नसतो.

हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात दुखलं आणि त्याच्या खाली-वर दुखलं नाही, तर तेही लिहून ठेवा. शेवटी थांबणं आणि मध्येच दुखणं हे एकच नव्हे.

पायरी ३: सुरुवातीची स्थिती पक्की करा, शेजारचा सांधा धरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. मोजायचा एक सांधा असतो आणि हलतात तीन.

खुबा घ्या. क्लायंट पाठीवर झोपलाय, तुम्ही गुडघा छातीकडे नेताय. एका टप्प्यानंतर खुबा वाकणं संपतं आणि कटी (कंबरेखालचं, दोन्ही खुबे जोडणारं हाडांचं कडं) मागे कलायला लागते. गुडघा छातीकडे जातच राहतो, तुम्ही खूश होता, पण आता वाकतेय ती कंबर. उपाय साधा: एक हात कंबरेखाली किंवा कटीच्या पुढच्या हाडावर ठेवा. कटी हलायला लागली त्या क्षणी थांबा. खुब्याची हालचाल तिथवरच. दुसरी मांडी टेबलावरून उचलली जातेय का, तेही बघा.

याच तत्त्वावर उभी राहिलेली चाचणी म्हणजे थॉमस टेस्ट. ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) या ब्रिटिश शल्यविशारदाचं नाव तिला आहे. एक गुडघा छातीशी धरून कंबर सपाट केली की दुसऱ्या खुब्याचा लपलेला आखडलेपणा मांडी वर उचलल्यामुळे दिसतो. कंबर सपाट केलीच नाही तर कटी पुढे कलते, मांडी छान टेबलावर टेकते आणि चाचणी काहीच सांगत नाही. छाती फुटेल इतका गुडघा ओढला तर उलटी चूक: कटी जास्त मागे जाते आणि चांगला खुबाही आखडलेला दिसतो. कंबर टेबलाला लागेल इतकंच ओढायचं.

खुब्याची आत-बाहेर वळण बसून बघितली की पालथं झोपवून, तेही ठरवून घ्या. बसल्यावर खुबा ९० अंशांत वाकलेला असतो, पालथं झोपल्यावर सरळ असतो. सांध्याभोवतीच्या बंधांवरचा ताण बदलतो आणि आकडाही बदलतो. दोन्ही बरोबर आहेत. फक्त आज बसून आणि पुढच्या खेपेला पालथं झोपवून मोजलं तर त्या दोन आकड्यांची तुलना होत नाही.

खांद्याची बाहेरची वळण तपासताना कोपर अंगाशी लावून, मध्ये घडी केलेला छोटा टॉवेल ठेवा. कोपर अंगापासून सुटलं की टॉवेल पडतो, वेगळं लक्ष ठेवावं लागत नाही. धड वळतंय का ते बघायला दुसरा हात खवाट्यावर.

मानेसाठी पाठ टेकवून बसवा आणि दोन्ही खांदे समोर राहतील असं बघा. मान वळवताना हनुवटी खाली-वर गेली किंवा डोकं कललं, तर ती शुद्ध वळण राहत नाही.

नियम एवढाच: वरचा भाग स्थिर, खालचा हलता, आणि दुसरीकडून हालचाल उसनी येऊ लागली की मोजणी थांबली.

पायरी ४: आता तुम्ही हलवा, आणि शेवट हाताने वाचा

पॅसिव्ह हालचालीत क्लायंट सैल असतो, वजन तुमच्या हातात असतं. "सैल सोडा" म्हटल्याने कोणी सैल सुटत नाही. हातापायाला दोन ठिकाणी नीट आधार दिला, टेबलाची उंची तुमच्या कंबरेला सोयीची ठेवली आणि सावकाश हलवलं की सुटतात. आपला स्वतःचा तोल जात असेल तर ते समोरच्याच्या शरीराला लगेच कळतं. हालचालीच्या मधल्या भागात दोन-तीनदा हलकेच झुलवा, प्रतिकार नाही ना बघा, मग शेवटाकडे जा.

दोन जागा टिपायच्या. पहिला प्रतिकार जिथे हाताला लागतो ती, आणि जिथे पुढे जाणं थांबतं ती. दोन्हींमधलं अंतर बरंच काही सांगतं. प्रतिकार लवकर सुरू होऊन हळूहळू वाढत गेला तर बहुधा स्नायू किंवा त्याचं आवरण. बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम भिंत, तर सांधा किंवा हाड.

या शेवटच्या स्पर्शाला एंड फील म्हणतात. त्याचं पद्धतशीर वर्गीकरण जेम्स सिरियाक्स (१९०४–१९८५) या ब्रिटिश डॉक्टरांनी रुजवलं. नवशिक्याने आधी निरोगी सांध्यांवर तीन प्रकार हातात बसवावेत.

मऊ शेवट: कोपर वाकवलं की दंडाचा आणि हाताचा मांसल भाग एकमेकांना टेकतो. पुढे जागा नसते, पण टोचतही नाही.

ताणाचा शेवट: गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकललं की पोटरी रबरासारखी ताणत जाते, थोडी अजून देते. खांदा बाहेर वळवल्यावर लागणारा शेवट याहून घट्ट असतो, कारण तिथे सांध्याचं आवरण ताणलं जातं. हे दोन स्पर्श एकामागून एक घेऊन बघा. फरक वाचून कळत नाही, हाताला कळतो.

कडक शेवट: कोपर सरळ केलं की हाडाला हाड लागतं. इथे तो स्वाभाविक आहे.

स्वाभाविक शेवट भलत्या सांध्यात किंवा भलत्या जागी आला की कान टवकारा. खुबा आत वळवताना लवकरच कडक थांबलं, तर ते स्नायूंच्या मालिशने सैल होणारं प्रकरण नसू शकतं. काहींच्या मांडीच्या हाडाची ठेवणच अशी असते की पाय आत भरपूर वळतो आणि बाहेर कमी, किंवा उलट. दोन्ही बाजूंना तसंच असेल, दुखत नसेल, लहानपणापासून तसंच असेल, तर ती घडण आहे. अशा खुब्याला "उघडण्याचा" हट्ट धरण्यात क्लायंटचं नुकसान आहे.

आणि तीन शेवट काळजीचे. हालचाल शेवटाला जाण्याआधीच स्नायू झटकन घट्ट होतो: शरीर बचाव करतंय, जोर लावू नका. सांधा उसळून परत येतो, जणू आत काही अडकलंय: गुडघ्यात असं झालं तर कूर्चेच्या गादीचा तुकडा अडकल्याची शक्यता असते. आणि तिसरा, ज्याला रिकामा शेवट म्हणतात: हाताला कसलाही प्रतिकार नाही, तरी क्लायंट तीव्र वेदनेने थांबवतो. या तिन्ही वेळा थांबायचं, आणि शेवटच्या दोन्हींत डॉक्टरांकडे पाठवायचं. हात थांबवणं हेही कौशल्यच आहे, आणि नव्या थेरपिस्टला ते सगळ्यात उशिरा जमतं.

पायरी ५: दोन्ही शेजारी ठेवा

आता ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह हालचालींची तुलना. पहिल्या परिच्छेदातला खांदा इथे उलगडतो.

स्वतः हात वर जात नाही, तुम्ही नेला की मात्र जवळजवळ पूर्ण जातो: सांधा मोकळा आहे, उचलणारी यंत्रणा कमी पडतेय. ताकद, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), मज्जातंतू, वेदनेची भीती, कारण काहीही असू शकतं. पण ताणणं हा उपाय दिसत नाही. अचानक असं झालं असेल, विशेषतः पडल्यानंतर, तर कंडरा फाटल्याची शक्यता तपासून घ्यायला पाठवा.

स्वतःही जात नाही, तुम्ही नेलं तरी त्याच जागी थांबतं: अडथळा बहुधा सांध्यात किंवा त्याच्या आवरणात आहे. खांद्यात अशा वेळी बाहेरची वळण सगळ्यात जास्त, मग बाजूने उचलणं, मग आतली वळण, अशा क्रमाने कमी झालेली असेल तर फ्रोझन शोल्डरचा (सांध्याचं आवरण आखडून खांदा गोठल्यासारखा होण्याचा) विचार येतो. चाळिशी ते साठीच्या दरम्यान आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो. दुखण्याच्या भरात तो जबरदस्तीने ताणला तर चिडतो.

दोन्ही पूर्ण, पण क्लायंट म्हणतो "घट्ट वाटतं": घट्ट वाटणं आणि आखूड असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काही माणसं मुळात फार लवचिक असतात. बेटन स्कोअर ही ९ गुणांची सोपी चाचणी आहे. करंगळी मागे ९० अंशांहून जास्त जाणं, अंगठा मनगट आणि कोपर यांमधल्या हाताच्या आतल्या बाजूला टेकणं, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटे जाणं, या प्रत्येकाला दोन बाजूंचे दोन गुण, आणि गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकले तर एक. प्रौढांमध्ये साधारण ५ किंवा जास्त गुण आले तर शरीर अतिलवचिक धरतात. अशा माणसाला आणखी ताणणं त्याला तेवढ्यापुरतं गोड वाटतं, पण त्याच्या सांध्यांना हवा असतो तो आवर.

यापुढची पायरी म्हणजे प्रतिकाराविरुद्ध चाचणी. सांधा मधल्या स्थितीत ठेवून तुम्ही हाताने अडवता आणि क्लायंट हळूहळू जोर लावतो. हालचाल होऊ द्यायची नाही, कारण हालचाल झाली तर दुखला तो सांधा की स्नायू ते कळत नाही. जोर चांगला आणि दुखत नाही, तर तो स्नायू आणि कंडरा ठीक. जोर चांगला पण दुखतं, तर तिथे किरकोळ इजा असावी. जोर कमी आणि दुखतंही, तर मोठ्या इजेची शंका. जोर कमी पण दुखत नाही, हे सगळ्यात फसवं: मज्जातंतू दबलेला किंवा कंडरा पूर्ण तुटलेली असू शकते. वेदना नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी ६: दोन सांधे ओलांडणारे स्नायू वेगळे काढा

काही स्नायू एका सांध्यावरून सुरू होऊन दुसरा ओलांडतात. त्यामुळे शेजारचा सांधा वाकवून-सरळ करून दोषी कोण ते ओळखता येतं. ही युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला कुठलंही उपकरण लागत नाही.

गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वाकवा, मग गुडघा वाकवून तेच करा. वाकवल्यावर पाऊल बरंच जास्त वर आलं तर अडवत होता तो पोटरीचा वरचा, गुडघा ओलांडणारा स्नायू. काही फरक पडला नाही तर पोटरीचा खोल स्नायू किंवा घोट्याचा सांधा.

थॉमसच्या स्थितीत मांडी वर राहिली आणि गुडघा थोडा सरळ केल्यावर ती खाली आली, तर मांडीच्या पुढच्या बाजूचा गुडघा ओलांडणारा स्नायू आखूड आहे. गुडघा सरळ करूनही मांडी वरच राहिली तर जांघेतला खोल स्नायू किंवा खुब्याच्या सांध्याचं पुढचं आवरण.

पाय सरळ ठेवून उचलताना मांडीच्या मागे ओढ लागली तर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू. गुडघ्याखाली वीज गेल्यासारखी कळ किंवा मुंग्या आल्या आणि पाऊल वर वाकवल्यावर त्या वाढल्या, तर ओढला जातोय तो मज्जातंतू. त्याला स्नायूसारखं ताणून धरायचं नाही.

उभं राहून बोटं जमिनीला टेकवण्याची लाडकी चाचणी या कसोटीवर फार कमकुवत आहे. तिच्यात खुबा, हॅमस्ट्रिंग, कंबर, पाठ आणि हातांची लांबी सगळं एकत्र मिसळलेलं असतं. कंबरेचंच वाकणं हवं असेल तर सुधारित शोबर चाचणी करा. कंबरेच्या दोन खळग्यांना जोडणाऱ्या रेषेच्या १० सेंमी वर आणि ५ सेंमी खाली खूण करा, आणि क्लायंटला पुढे वाकवून अंतर पुन्हा मोजा. १५ सेंमीचं अंतर किमान २० व्हायला हवं. सकाळी मात्र प्रत्येकाची कंबर थोडी ताठ असते, कारण रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात. पहिली मोजणी सकाळी आणि दुसरी संध्याकाळी केली तर आपोआप "सुधारणा" दिसेल.

पायरी ७: मोजा, पण आकड्याच्या प्रेमात पडू नका

गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं दोन भुजांचं उपकरण) स्वस्त आणि साधा असतो. त्याचा मध्य सांध्याच्या आसावर, एक भुजा स्थिर हाडाच्या रेषेत, दुसरी हलत्या. गुडघ्यासाठी मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर भुजा खुब्याच्या बाजूच्या उंचवट्याकडे, हलती भुजा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. डोळा उपकरणाच्या पातळीवर आणा, वरून वाकून वाचलं की आकडा चुकतो. फोनमधलं कोन मोजणारं ॲप गुरुत्वाकर्षणावर चालतं, त्यामुळे उभ्या पातळीतल्या हालचालीत चांगलं काम देतं. बसलेल्या माणसाच्या मानेची वळण मात्र आडव्या पातळीत असते, ती त्याने नीट मोजली जात नाही.

संदर्भासाठी प्रौढांचे ढोबळ आकडे: खांदा पुढून वर १८०, बाहेर वळण ९०, आत ७०, खुबा वाकणं १२०, आत आणि बाहेर वळण प्रत्येकी ४५, गुडघा १३५, घोटा वर २०, खाली ५०, मान वळवणं प्रत्येक बाजूला ८०. वय, अंगकाठी, केलेलं काम यांनुसार ते बदलतात. म्हणून पहिली तुलना क्लायंटच्या दुसऱ्या बाजूशी, पुस्तकाशी नंतर. आणि एकाच माणसाने मोजलं तरी ५ अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातला असू शकतो. तीन अंश वाढले म्हणून क्लायंटला बातमी देऊ नका.

एक उदाहरण: उकिडवं बसता येत नाही

क्लायंट म्हणतो, खाली बसताना टाचा उचलतात, "पोटऱ्या फार टाइट आहेत." त्याचं निदान त्याच्यापाशी राहू द्या.

आधी बसायला लावा. मग टाचांखाली जाड पुस्तक ठेवून पुन्हा बसवा. एकदम नीट बसला तर घोट्याकडे बोट जातं. तरीही मागे पडत असेल, तर खुबा किंवा धडाचा तोल बघायचा.

घोट्यासाठी भिंतीसमोर उभं करा. टाच न उचलता, गुडघा पावलाच्या मधल्या रेषेत पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा, आणि पाऊल हळूहळू मागे न्यायचं. गुडघा जेमतेम टेकतो तिथे अंगठा आणि भिंत यांतलं अंतर मोजा. साधारण १ सेंमी म्हणजे ३.६ अंश. तळव्याची कमान खचू देऊ नका, हीच उसनी हालचाल.

समजा उजवीकडे १० सेंमी आणि डावीकडे ६. विचारा, डावीकडे कुठे काय जाणवतं. मागे पोटरीत ओढ म्हणाला तर मऊ भागावर काम करून बघण्यात अर्थ आहे. गुडघा इथे वाकलेलाच असतो, म्हणून खोल स्नायूकडे आधी जा. घोट्याच्या पुढे चिमटा म्हणाला, टेबलावर पॅसिव्ह हालचालीत लवकर कडक शेवट लागला आणि जुनी मुरगळ असल्याचं निघालं, तर पोटरी मळून फारसं हाती लागणार नाही. सांध्याच्या सरकण्यावर काम करणाऱ्या, तेवढं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवणं योग्य. तक्रार एकच, "पोटऱ्या टाइट", आणि वाटा दोन.

पायरी ८: एकच बदल करा, मग पुन्हा तीच चाचणी

उपचारानंतरची तपासणी तीच हवी: तीच स्थिती, तोच आधार, तोच प्रश्न. पाच ठिकाणी काम करून मग तपासलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. एका भागावर काही मिनिटं काम, पुन्हा चाचणी, मग पुढचा.

इथे स्वतःची फसवणूक होऊ शकते. तीच हालचाल चार-पाचदा केली की नुसत्या करण्यानेही ती वाढते. ताणल्यावर लगेच वाढलेली हालचाल बरीचशी ताण सोसण्याची तयारी वाढल्यामुळे असते, स्नायू तेवढ्यात लांब झालेला नसतो. म्हणून टेबलावरच्या आनंदापेक्षा पुढच्या भेटीच्या सुरुवातीची मोजणी जास्त खरी. त्याच वेळी मूळ तक्रारही विचारा. १० अंश वाढले आणि मोजे घालताना अजून तेवढंच अडत असेल, तर आपण चुकीचा सांधा मोजत होतो.

पायरी ९: लिहून ठेवा

चार ओळी पुरतात. नमुना असा: "उजवा खांदा. बाहेर वळण, पाठीवर झोपून, कोपराखाली टॉवेल. ॲक्टिव्ह ४०, पॅसिव्ह ६५, डावीकडे ८०. शेवट: दुखल्यामुळे स्नायू आवळला, दुखणं ५/१०, दंडाच्या पुढे." अशी नोंद दुसऱ्या थेरपिस्टलाही उपयोगी पडते. "खांदा टाइट, मसाज केला" ही नोंद पुढच्या महिन्यात तुमच्या स्वतःच्याही उपयोगाची नसते. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर "१० ते १२०" असं लिहा, म्हणजे कुठून कुठवर ते एका नजरेत कळतं.

सराव कसा करावा

दुखणाऱ्या माणसावर शिकू नका. न दुखणारे सहकारी पकडा, आणि वेगवेगळ्या वयाचे, अंगकाठीचे पकडा. आठवड्याला एकच सांधा घ्या. पहिल्या दिवशी फक्त स्थिती आणि आधार, दुसऱ्या दिवशी फक्त शेवटाचा स्पर्श, डोळे मिटून. मग दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता त्याच माणसाचा तोच सांधा मोजा. ५ अंशांहून जास्त फरक पडला तर हातांना दोष देण्याआधी क्लायंट कसा झोपला होता, कटी किंवा खवाटा कोणी धरला होता आणि कोणी नाही, ते बघा. मग तसंच झोपवून, तोच भाग धरून पुन्हा मोजा.